कोकणच्या कारभाऱ्याचे काम लिहून ठेवा

१८ जानेवारी २०२५ रोजी महाराष्ट्रातील पालकमंत्र्यांची यादी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यातील दोन नेमणुकांना स्थगिती द्यावी लागली. एक नाशिकची होती, दुसरी रायगडची. रायगडसाठी आदिती तटकरे यांचे नाव जाहीर होताच भरत गोगावले यांचे समर्थक मुंबई-गोवा महामार्गावर उतरले. दोघेही मंत्री एकाच मंत्रिमंडळातले, एकाच जिल्ह्यातले आणि एकाच सत्ताधारी युतीतले. त्यानंतर कितीतरी महिने हा पेच सुटला नाही, आणि प्रत्येक ध्वजवंदनाच्या आधी झेंड्याची दोरी कोणाच्या हाती जाणार हीच जिल्ह्यातली मोठी बातमी होत राहिली. या काळात अलिबागपासून पोलादपूरपर्यंत या विषयावर पुष्कळ बोलले गेले, पण ते सारे कोणाचे आमदार किती आणि कोणाचा मान मोठा याभोवतीच घोटाळले. पालकमंत्र्याने जिल्ह्यात नेमके काय करायचे असते, आणि ते त्याने केले नाही तर त्याला जाब कोण विचारणार, हे फारसे कोणी विचारले नाही. भांडणाचे मूळ मात्र तिथेच आहे असे मला वाटते. ज्या पदाच्या हाती जिल्ह्याच्या निधीची किल्ली आहे, पण ज्याची कर्तव्ये कुठेच लिहिलेली नाहीत, त्या पदासाठी माणसे रस्त्यावर टायर जाळणारच. कारण ते पद म्हणजे काम नसून केवळ ताबा आहे, आणि ताब्याची वाटणी करता येत नाही.

पालकमंत्री हा शब्द आपल्या संविधानात नाही. संविधानात जिल्हा नियोजन समिती आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १ जून १९९३ पासून, प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती असावी, तिचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडून द्यावेत, आणि गावांनी व शहरांनी केलेले आराखडे एकत्र करून तिने जिल्ह्याचा आराखडा तयार करावा, असे ठरले. महाराष्ट्राने १९९८ साली त्यासाठी कायदा केला. परंतु समितीचे अध्यक्षपद आपल्याकडे जिल्ह्याच्या मंत्र्याकडे राहिले आणि सदस्य-सचिवपद जिल्हाधिकाऱ्याकडे. खालून वर जाण्यासाठी बांधलेल्या जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर मंत्रालयातून पाठवलेला माणूस बसला, तेव्हा जिना कोणत्या दिशेने वापरला जाणार हे निराळे सांगायला नको. केरळात याच समितीचे अध्यक्षपद जिल्हा पंचायतीच्या अध्यक्षाकडे असते. तेथे सारे आलबेल आहे असा माझा दावा नाही, पण तेथे जिल्ह्याच्या पैशाचा मुख्य माणूस जिल्ह्यानेच निवडलेला असतो, एवढा फरक तरी आहे.

कोकणात या फरकाचा अर्थ काय होतो ते साकवाच्या, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलाच्या, उदाहरणावरून कळते. ओढ्यापलीकडच्या वाडीला पावसाळ्यात शाळेशी आणि बाजाराशी जोडणारा साकव हे जिल्हा नियोजनाच्या निधीतून होणारे अगदी कोकणी काम आहे. देशावर त्याची एवढी गरज नसते. वाडी मागणी करते, ग्रामसभा ठराव करते, तो पंचायत समितीत जातो, आणि पुढे त्या ठरावापेक्षा त्याला कोणाचे शिफारसपत्र जोडलेले आहे याचे वजन जास्त ठरते. कोणत्या वाडीचा साकव आधी आणि कोणत्या वाडीचा नंतर, याची कारणे कोणीही लिहून देत नाही, आणि मागायला जावे तर कोणाकडे जावे हेही ठाऊक नसते. जिल्हा परिषदांची मुदत २०२२ साली संपल्यानंतर काही वर्षे त्यांचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्या काळात तर निवडून आलेला सदस्यच नव्हता, म्हणजे संविधानाने समितीसाठी ज्यांच्यातून चार-पंचमांश माणसे मागितली ती माणसेच जागेवर नव्हती. किल्ली तेवढी शिल्लक होती, आणि ती कोणाच्या खिशात राहावी यावर महामार्ग अडला.

कोकण हा पहिल्यापासून वादातला मुलूख आहे, आणि अशा मुलखात कारभारी कसा असावा याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या पट्टीवर दंडा-राजपुरीला सिद्दी होता, वसई, चौल आणि गोव्यात पोर्तुगीज होते, मुंबईत इंग्रज येऊन बसले होते, दक्षिणेत आदिलशाहीचा अंमल विरत चालला होता आणि मधल्या मुलखात स्वराज्याचे सुभे उभे राहत होते. सिद्दीच्या शेजारच्या महालांत पुढे दुअमली चालली, म्हणजे एकाच गावावर दोन सत्तांचा वसुलीचा हक्क. कुणब्याच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की धान्य एकदा पिकवायचे आणि दोनदा मोजून द्यायचे. २०२५ च्या यादीत काही जिल्ह्यांना पालकमंत्र्याच्या जोडीला सहपालकमंत्रीही मिळाले, त्यात कोकण विभागातला मुंबई उपनगर जिल्हाही आहे. अर्थात हे दोघे वसुली करीत नाहीत. परंतु पदाचे काम लिहिलेले नसले म्हणजे त्याला वाटेल तेव्हा 'सह' जोडता येतो, आणि गावाला दोन दारे ठोठवावी लागतात, एवढे साम्य मात्र आहे.

या काळातील तीन पत्रे मला या प्रश्नाच्या संदर्भात महत्त्वाची वाटतात. पहिले १६७१ च्या डिसेंबरातले, कुडाळच्या सरसुभेदाराला शिवाजी महाराजांनी लिहिलेले. बारदेशातले, म्हणजे पोर्तुगीज हद्दीतले मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळत होते आणि संगमेश्वराकडचे मीठ पडून राहण्याची भीती होती. तेव्हा त्या मिठावर जबर जकात बसवावी, असा हुकूम आहे. सरहद्दीवरच्या अधिकाऱ्याने केवळ वसूल गोळा करायचा नसून आपल्या मुलखातल्या माणसाच्या मालाला भाव राहील हेही पाहायचे आहे, ही अपेक्षा त्यात स्पष्ट आहे.

दुसरे पत्र १६७५ च्या जानेवारीतले, प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला. प्रभावळी म्हणजे आजच्या लांजा तालुक्यातील प्रभानवल्ली आणि भोवतालचा मुलूख. सिद्दीच्या जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग हा जलदुर्ग उभा राहत होता, राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी वसवली जात होती, आणि दौलतखान व दर्यासारंग यांच्या आरमाराला रसद पोचवण्याचे काम या सुभेदाराकडे होते. त्याने ते वेळेवर केले नाही. त्यावर आलेले पत्र इतके कडक आहे की आजही वाचताना अंग आखडते. सिद्दीने काही देऊन तुम्हाला आपले चाकर केले असावे, अशी शंका त्यात उघड घेतलेली आहे, आणि ब्राह्मण म्हणून तुमचा मुलाहिजा कोण करणार, असेही खडसावले आहे. शिवकाळातला प्रत्येक सुभेदार कर्तव्यदक्ष होता असे मानणाऱ्यांनी हे पत्र जरूर वाचावे. सुभेदार तेव्हाही चुकत होते. फरक असा की काय करायचे होते ते ठरलेले होते, म्हणून काय केले नाही ते दाखवता आले.

तिसरे पत्र त्याच सुभ्यातले, ५ सप्टेंबर १६७६ चे, रामाजी अनंत या सुभेदाराला. 'भाजीच्या देठासही मन न दाखविणे' हे वाक्य आपण भिंतींवर रंगवतो आणि बहुतेकांना ते सैन्याला दिलेल्या ताकिदीतले वाटते. प्रत्यक्षात ते कोकणातल्या एका मुलकी अधिकाऱ्याला लिहिलेले आहे. पण त्या एका वाक्यावर थांबले की पत्राचा गाभा हातातून सुटतो. पुढे त्या सुभेदाराने काय करायचे याची जवळजवळ कामनिहाय सूचना आहे. त्याने कष्ट करून गावोगाव फिरावे. ज्या गावात जाईल तेथले कुणबी गोळा करावेत. ज्याच्याकडे माणूसबळ आणि कुवत आहे पण बैल नाही, त्याला बैलासाठी रोख पैसे द्यावेत, पोटाला दाणे नसतील तर तेही द्यावेत. दिलेल्याची वाढीदिडी करू नये. मुद्दल तेवढे, तेही त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू वसूल करावे. पडीक जमीन लागवडीला आणावी. या कामी दोन लाख लारीपर्यंत (लारी हे तेव्हाचे चांदीचे नाणे) खर्च झाला तरी सरकारला तो कबूल आहे. येथे अधिकाऱ्याच्या हाती खर्चाची मर्यादा दिली आहे, फिरण्याचे काम दिले आहे, कोणाला द्यायचे आणि परत कसे घ्यायचे ते सांगितले आहे. पद दिले आणि त्याबरोबर पदाचे काम लिहून दिले. साडेतीनशे वर्षांनंतर आपल्या जिल्ह्याच्या मंत्र्याकडे असे एखादे पत्र आहे का, हा प्रश्न विचारण्यात इतिहासाचे कोणतेही भाबडेपण नाही.

उलट टोकाचे उदाहरणही कोकणातच आहे. कान्होजी आंग्रे यांचे सरखेलपद हे राज्याच्या आरमाराचे पद होते. १७२९ साली कान्होजी गेल्यानंतर ते पद घराण्याची दौलत होऊन बसले, भावाभावांत वाद पेटला, १७३५ च्या सुमारास मानाजी कुलाब्याला आणि संभाजी सुवर्णदुर्गाला अशी विभागणी करून पेशव्यांना तोडगा काढावा लागला. पुढे त्यांचाच भाऊ तुळाजी याचे पेशव्यांशी बिनसले, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली ते आरमार इंग्रजांच्या तोफांनी जाळून टाकले. पेशव्यांनी स्वतःच इंग्रजांना सोबत घेतले होते. कोकणच्या किनाऱ्याने त्यानंतर स्वतःचे आरमार पाहिले नाही असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण इंग्रजांना रोखण्याइतके ते पुन्हा उभे राहिले नाही हे खरे. पद व्यक्तीच्या आणि घराण्याच्या मालकीचे झाले की ते कोणी घ्यावे यावर भांडण होते, आणि त्या भांडणात ते ज्यासाठी होते ते काम बुडते. हे सांगताना आजच्या कोणा एका घराण्याकडे बोट दाखवायचा माझा हेतू नाही. कोकणात सगळ्याच पक्षांची घराणी आहेत, आणि मतदार त्यांना निवडून देतात तोवर तो त्यांचा हक्कच आहे.

इंग्रजी अमलात सुभेदार गेला आणि कलेक्टर आला, पण त्याच्या आणि कुणब्याच्या मध्ये खोत होता. सरकारने गाव पाहायचे ते खोताच्या डोळ्यांनी, वसूल घ्यायचा तो खोताच्या हातून. १८८० च्या खोती कायद्याने हे नाते सावरण्याचा प्रयत्न केला, मोडले मात्र नाही. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन कसण्यास नकार दिला आणि तो संप सुमारे सहा वर्षे चालला. १९३७ च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. सहा वर्षे जमिनी पडीक राहिल्या तरी जिल्ह्याचा अधिकारी गावाशी थेट बोलू शकला नाही, कारण त्याची सारी रचना मध्यस्थावर उभी होती. आज खोत नाही, पण वाडीच्या मागणीला शिफारसपत्र जोडून देणारा आहे, ठेका कोणाला मिळणार हे आधीच ठाऊक असलेला आहे, आणि साहेबांच्या दौऱ्यात कोणाला भेटवायचे हे ठरवणाराही आहे.

प्रकल्पांच्या वेळी हे अंतर अगदी उघडे पडते. जैतापूर, नाणार, बारसू ही नावे आता कोकणाबाहेरही सर्वांना ठाऊक आहेत. नाणारच्या परिसरातील तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या जमिनीची अधिसूचना २०१७ साली निघाली आणि २०१९ साली रद्द झाली; मग तोच प्रकल्प बारसू-सोलगावकडे वळला आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती तपासणीच्या वेळी भर उन्हात बायका रस्त्यावर आडव्या झाल्या. ज्या सड्यावर हे घडले तेथली कातळशिल्पे २०२२ पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, हा योगही लक्षात ठेवण्याजोगा. प्रकल्प हवा की नको, हा या लेखाचा विषय नाही. माझे मत एकेका प्रकल्पाबाबत वेगवेगळे आहे आणि ते येथे आड येऊ नये. विषय असा की अशा वेळी लोकांसमोर सरकार म्हणून जो उभा राहतो तो जिल्हाधिकारी एकाच वेळी किती भूमिका करतो. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीचे अध्यक्षस्थान जिल्हा दंडाधिकाऱ्याचे किंवा त्याच्या प्रतिनिधीचे. भूसंपादनाची सूत्रेही त्याच्याच कार्यालयाकडून हलतात. जमावबंदीचा आदेशही त्याच कार्यालयातून निघतो. म्हणजे ज्याने लोकांचे म्हणणे ऐकायचे, तोच त्यांची जमीन घेणार आणि तोच त्यांना एकत्र जमू देणार नाही. व्यक्ती कितीही सज्जन असली तरी या तीन भूमिका एका अंगात नांदू शकत नाहीत, आणि सुनावणीच्या मंडपात बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला ते कायद्याचे पुस्तक न वाचताही कळते. २०११ च्या एप्रिलमध्ये साखरी नाटे येथे जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला. त्यानंतर तरी ऐकणारा आणि घेणारा वेगळा करावा, हे कोणाला सुचायला हवे होते.

पालकमंत्री त्या वेळी कुठे असतो? तो सरकारचा मंत्री असल्याने प्रकल्पाच्या बाजूला असतो, मतदारसंघ जवळचा असेल तर विरोधकांच्याही बाजूला असतो, आणि निवडणूक आली की दोन्हीकडे. हे त्याच्या चारित्र्याचे अपयश नाही. त्याला कोणीही लिहून दिलेले नाही की अशा वादात त्याने गावांची बाजू मंत्रिमंडळापुढे लेखी मांडायची आहे, आणि मंत्रिमंडळाचे उत्तर गावांपर्यंत लेखी आणायचे आहे.

येथे कोणी म्हणेल की प्रादेशिक न्यायासाठी आपल्या संविधानात राज्यपालांची विशेष जबाबदारी आहेच. अनुच्छेद ३७१ (२) ने ती विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशा तीन भागांसाठी दिली. त्यानुसार १९९४ साली तीन विकास मंडळे झाली, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ च्या सप्टेंबरात घेतला. कोकण या रचनेत पुण्यात कार्यालय असलेल्या तिसऱ्या मंडळात, म्हणजे पुणे, कोल्हापूर, सातारा आणि नाशिक यांच्या बरोबरीने. ज्या भागाची सरासरी ऊस, साखर कारखाने आणि कालवे यांनी उंचावलेली आहे, त्या भागात सिंधुदुर्गाचा अनुशेष दिसणार कसा? शिवाय त्या साऱ्या हिशेबात सिंचनाला मोठे वजन होते. विदर्भाच्या बाबतीत ते योग्यच होते. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून तो अन्याय मांडला गेला आहे आणि २००१ साली राज्यपालांनी निधीवाटपाचे निर्देश दिले ते त्याच्याच बळावर. पण कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात विहीर आटते. येथे मोजायला हवे ते किती खारबंदिस्त्या (खारे पाणी अडवणारे बांध) शाबूत आहेत, किती उघाड्या (त्या बांधांतली पाण्याची दारे) वेळेवर दुरुस्त झाल्या, खाडीचे खारे पाणी किती भातशेतीत शिरले, किती वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. कालव्याखालच्या हेक्टरांच्या रकान्यात यातले काहीच बसत नाही.

म्हणून कोकणासाठी स्वतंत्र विकास मंडळ हवे, अशी मागणी वर्षानुवर्षे होते आहे. मला तिच्याबद्दल आस्था आहे, पण उत्साह नाही. मंडळ झाले म्हणजे आणखी एक अध्यक्ष, आणखी एक कार्यालय, आणि आणखी एक नेमणूक, जिच्यासाठी पुन्हा रस्ता अडेल. मंडळाच्या शिफारशी राज्यपालांकडे जातील, राज्यपाल दिल्लीहून नेमलेले, आणि मधल्या काळात चिपळूणच्या वाशिष्ठी नदीला पूर येईल.

पुराचे नाव निघाले म्हणून तेही सांगतो, कारण कोकणाला मंडळापेक्षा कशाची गरज आहे ते त्यातून दिसते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले आणि त्याच दिवशी महाडजवळच्या तळियेवर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. चिपळूणचा पूर नेमका कोणत्या पाण्याने चढला यावर पुष्कळ वाद झाला. त्यात मी पडत नाही. पण रचना पाहा. कोयना धरण सातारा जिल्ह्यात, म्हणजे पुणे विभागात. त्याचे वीजनिर्मितीनंतरचे पाणी, कृष्णा पाणीवाटप लवादाने घालून दिलेल्या वर्षाला ६७.५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) मर्यादेत, घाट उतरून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येते, म्हणजे कोकण विभागात. धरण एका खात्याचे, वीज दुसऱ्याची, नदी तिसऱ्याची, गाळ काढण्याचे काम आणखी कोणाचे, आणि घरात पाणी शिरणार ते चिपळूणच्या बाजारपेठेतल्या माणसाच्या. या सगळ्यांना एकाच टेबलाभोवती बसवून 'अमुक पाऊस झाला तर तमुक तासांत कोण कोणाला कळवणार' हे ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला नाही, कारण त्याची हद्द सह्याद्रीपाशी संपते. पालकमंत्र्याला तर नाहीच.

मुंबई-गोवा महामार्गाचेही तसेच. २०११ मध्ये चौपदरीकरणाला सुरुवात झाली. पनवेल ते इंदापूर हा तुकडा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, पुढचा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे, जमीन संपादन प्रांताधिकाऱ्यांकडे, अपघातांची नोंद पोलिसांकडे. एका दशकाहून अधिक काळ गणपतीला येणारा चाकरमानी खड्ड्यांतून येतो आणि दरवर्षी कोणी ना कोणी मंत्री पाहणी दौरा करून 'गणपतीपूर्वी' अशी तारीख देतो. पाहणी करणे हे काम असते असे मानणारे पद असले की पाहणीच होत राहते.

या दोन्ही ठिकाणी ज्याचा उपयोग व्हायला हवा असे पद आपल्याकडे आधीच आहे: विभागीय आयुक्त. कोकण विभागात सात जिल्हे आणि आयुक्तांचे कार्यालय बेलापूरच्या कोकण भवनात. बेलापूरहून बांद्यापर्यंत साडेचारशे किलोमीटरहून जास्त रस्ता. शिवाय सातांपैकी दोन जिल्हे मुंबईचे, आणि ठाणे-पालघरचे प्रश्न वेगळ्या जातीचे. विभागाच्या सरासरीत मुंबई-ठाण्याची श्रीमंती मिसळली की रत्नागिरी-सिंधुदुर्ग तिच्याखाली दडतात, जसे तिसऱ्या मंडळात पुण्याखाली दडत होते. आयुक्तांचे एक पूर्ण अधिकाराचे कार्यालय रत्नागिरीत हवे, आणि विभागाबाहेरच्या यंत्रणांनाही बांधील ठरतील असे दोन-तीन विषय कायद्याने त्यांच्याकडे सोपवायला हवेत: घाट ओलांडून येणारे पाणी, एकापेक्षा जास्त यंत्रणांत वाटलेला रस्ता आणि प्रकल्पांची जनसुनावणी. जमीन घेणाऱ्या जिल्हाधिकाऱ्याने सुनावणी घेऊ नये. ती आयुक्तांनी किंवा त्यांनी नेमलेल्या, संपादनाशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याने घ्यावी. केंद्राच्या अधिसूचनेत त्यासाठी बदल लागेल, तो राज्याने मागावा. बदल्यांच्या २००५ च्या कायद्यात सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा काळ धरला आहे. निदान या एका पदाच्या बाबतीत तो पाळला जावा, नाहीतर आयुक्तांना वाशिष्ठी कळेपर्यंत त्यांची बदली झालेली असेल.

आणि पालकमंत्री? ते पद रद्द करा असे मी म्हणत नाही. कोकणातला कोणताही अनुभवी सरपंच सांगेल की मंत्रालयात जिल्ह्याचा आवाज ऐकणारा एक मंत्री असणे अजिबात निरुपयोगी नसते. फाईल हलते, आपत्तीत मदत लवकर पोचते. निसर्ग चक्रीवादळानंतर, २०२० च्या जूनमध्ये, श्रीवर्धन-मुरुडच्या बागायतदारांना पंचनाम्यांसाठी कोणाचा तरी फोन लागतच होता. तो दुवा राहू द्या. मात्र निधीची किल्ली काढून घ्या. नियोजन समितीचे अध्यक्षपद जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाकडे द्या. यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्हींत तथ्य आहे. जिल्हा परिषदेचा अध्यक्षही पक्षाचाच असतो, तोही वाड्यांमध्ये डावे-उजवे करील, होय, करील. पण त्याला निवडून देणारे सदस्य त्याच सभागृहात बसतात, त्याच्याविरुद्ध अविश्वास आणू शकतात, आणि तो सावंतवाडीत किंवा कणकवलीतच राहतो. मुंबईतून आठवड्याच्या शेवटी येत नाही. दुसरा आक्षेप असा की निवडणुका रखडल्या आणि पुन्हा प्रशासक आला तर? त्याचे उत्तर सोपे नाही, पण किल्ली मंत्र्याकडेच ठेवणे हे उत्तर नक्की नाही; उलट जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाच्या हातात निधी आहे म्हटल्यावर निवडणुका वेळेवर व्हाव्यात असा आग्रह धरणारी माणसे तालुक्या-तालुक्यांत उभी राहतील, जी आजवर दिसली नाहीत.

किल्ली काढून घेतल्यावर जे पद उरेल त्याचे काम लिहून देणे अवघड नाही. नेमणुकीच्या आदेशालाच एक पान जोडावे लागेल. वर्षातून किती ग्रामपंचायतींना प्रत्यक्ष भेट द्यायची, आणि तेथे शिफारशीशिवाय कोणालाही भेटता येईल अशी वेळ ठेवायची, हे त्यात असावे. जिल्ह्यातील चालू वादांवर मंत्रिमंडळापुढे काय मांडले आणि काय उत्तर मिळाले, ते सहा महिन्यांनी जिल्हा परिषदेच्या सभागृहात उभे राहून सांगायचे, हेही असावे. पावसाळ्यापूर्वी खारबंदिस्ती, उघाड्या, साकव आणि दरडग्रस्त वाड्यांचे स्थलांतर यांची स्थिती ३१ मेच्या आत जाहीर करायची, आणि जे झाले नाही त्याचे कारण त्याच कागदावर नोंदवायचे. असे पान जोडले तर पुढची यादी जाहीर होताना पदासाठी भांडणाऱ्यांची संख्या कदाचित कमी होईल, आणि जो भांडेल त्याने ३१ मेच्या त्या कागदावर सही करायला आपण तयार आहोत असे आधी लिहून द्यावे.